विश्रांती आणि विश्रांतीचा देखावा



या व्यासपीठावर यावे म्हणून चालकांचे बोलावणे आले, तेव्हा आमची समजूत अशी की विषय नेहमीचाच असणार. बोनस, महागाई भत्ता, नाहीतर कंत्राटी कामगार. कार्यक्रमपत्रिका हाती पडली आणि पाहतो तो विषय 'मन:शांतीसाठी व्हर्च्युअल रिॲलिटी'! पहिली टीका घरातूनच झाली. "तीस वर्षे मालकांची आणि आमची झोप उडवलीत, आता शांतीवर बोला," असे आमच्या मंडळींनी ऐकवले. टीका रास्त आहे. तरी पण हा विषय आमच्यावर कोणी लादलेला नाही. आमच्या युनियनच्या एका वाटाघाटीत हा डोळ्यांवर चढवायचा डबा आडवा आला, त्यावर पाच महिने घोळ चालला, आणि त्या घोळाची हकीकत चालकांपैकी एका स्नेह्यांच्या कानी गेली. तीच आज सांगावयाची आहे.

आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा दहावीत सुटली. पुढले शिक्षण झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि अशाच व्याख्यानमालांच्या सतरंजीवर. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तिचे लोण गावोगाव पोचले म्हणून आमच्यासारख्या हेल्परलाही दोन अक्षरे मिळाली. तेव्हा या सतरंजीचे ऋण थोडे फेडावे, एवढाच आमचा अधिकार.

आधी वस्तू काय आहे ती पाहू. पोहणाऱ्याच्या चष्म्यासारखा, पण पुष्कळ मोठा असा एक मुखवटा डोळ्यांवर चढवतात. आत डोळ्यांपासून दोन बोटांवर छोटा पडदा आणि मध्ये दोन भिंगे. उजव्या डोळ्याला एक चित्र दिसते, डाव्याला किंचित निराळे. मेंदू दोहोंची सांगड घालतो आणि सपाट चित्राला खोली येते. ही युक्ती नवी नव्हे. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने ती १८३८ साली सिद्ध करून दाखवली, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात भिंगांचे असे यंत्र पाहून राणी व्हिक्टोरियाही खूष झाली होती. आमच्यापैकी अनेकांनी लहानपणी व्ह्यू-मास्टरमधून ताजमहाल पाहिला आहे. तोच हा कुलवृत्तांत.

नवे आहे ते पुढे. व्ह्यू-मास्टरमध्ये मान वळवली तर ताजमहालही मानेबरोबर वळतो. या मुखवट्यात तसे होत नाही. तुम्ही मान डावीकडे वळवली की आतला संगणक तेवढेच चित्र उजवीकडे सरकवतो. वर पाहिले तर आकाश, खाली पाहिले तर जमीन. आयव्हन सदरलंड या अमेरिकन संशोधकाने १९६८ साली असे पहिले यंत्र जगापुढे मांडले. ते इतके जड होते की छतापासून टांगावे लागे, म्हणून त्याला डॅमोक्लिसची तलवार असे नाव पडले. दिसत काय, तर नुसत्या रेघांची चौकट. तिथून पुढे २०१२ साली ऑक्युलस नावाच्या छोट्या कंपनीने लोकवर्गणी मागून स्वस्त मुखवटा करण्याचा घाट घातला. २०१४ साली फेसबुकने ती कंपनी सुमारे दोनशे कोटी डॉलरला घेतली. पैसा ओतला गेला, यंत्र हलके झाले, आणि आज ते आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात येऊन पोचले आहे.

मित्रहो, अशी एखादी वस्तू कारखान्यात आली की युनियनवाल्याचा पहिला विचार, 'यात काहीतरी काळेबेरे आहे.' आमचाही तोच होता. पण शत्रूचे हत्यारदेखील आधी हातात घेऊन पाहावे, ही सवय वाचनालयाने लावली. म्हणून वाचावयास बसलो. वाचल्यावर मात्र आमची निम्मी चेष्टा जिरली.

अमेरिकेत सिॲटल येथे भाजलेल्या रुग्णांचा एक मोठा विभाग आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी भाजण्याचा प्रसंग आला असेल तर ठाऊक असेल, की भाजल्याच्या वेदनेपेक्षा रोजची मलमपट्टी जास्त भयंकर. जुनी पट्टी सोडवायची, मेलेली कातडी खरवडायची, जखम धुवायची. माणूस पडून असतो तेव्हा अफूच्या जातीची वेदनाशामके काम देतात, पण या तासाला तीही अपुरी पडतात. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी रुग्णाच्या डोळ्यांवर हा मुखवटा चढवला. आत काय, तर बर्फाची दरी. खाली नदी, दोन्ही बाजूंना बर्फाचे कडे, बर्फाची माणसे आणि पेंग्विन, आणि त्यांच्यावर फेकायला बर्फाचे गोळे. आगीने पोळलेल्या जिवाला बर्फात नेऊन सोडले! २००० साली त्यांनी पोरवयातल्या दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मलमपट्टीच्या वेळची वेदना त्या मुलांनी पुष्कळ कमी सांगितली. पुढे २००४ साली निरोगी माणसांवर प्रयोग करून मेंदूचीच चित्रे घेतली, तेव्हा वेदनेशी संबंध असलेल्या भागांतली हालचाल खरोखर मंदावलेली दिसली.

हे का होते? वेदनेलाही लक्ष लागते. मनाची ओंजळ केवढी, ते ठरलेले असते. ती बर्फाच्या गोळ्यांनी भरली की वेदनेला जागा कमी उरते. देवळात पायाला खडे टोचत असताना कीर्तनात रंगलेल्या माणसाला ते कळत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. पण यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे आमचा सगळा खटला तिच्यावर उभा आहे. त्या डॉक्टरांनी औषध बंद करून बर्फ दाखवला नाही. औषध चालूच ठेवले आणि बर्फ त्याच्या जोडीला दिला. जोडीला, जागी नव्हे.

आणखीही दाखले आहेत. बार्बरा रॉथबॉम यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर उंचीला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना मुखवट्यातल्या पुलांवर, सज्जांवर आणि काचेच्या लिफ्टमध्ये पायरीपायरीने उभे केले. त्यांची भीती ओसरली. हे १९९५ साली छापून आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ च्या नोव्हेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी अशा एका यंत्राला परवानगी दिली. घरच्या घरी आठ आठवडे, रोज काही मिनिटे. त्यात श्वास संथ करण्याचे आणि अंग सैल सोडण्याचे धडे. १७९ रुग्णांवर पारख झाली होती. ज्यांना खरा कार्यक्रम मिळाला त्यांच्यापैकी ६६ टक्क्यांची वेदना तीस टक्क्यांहून अधिक कमी झाली. ज्यांना नुसतीच सपाट चित्रे दाखवली त्यांच्यातही ४१ टक्क्यांना तेवढा उतार पडला. दोन्ही आकडे ऐकून ठेवा. पहिला सांगतो की यंत्रात काहीतरी आहे. दुसरा सांगतो की यंत्रातले सगळेच यंत्राचे नाही. रोज ठरल्या वेळी शांत बसण्याचेही त्यात काही आहे.

मन:शांतीसाठी जे कार्यक्रम यात भरतात, ते बहुधा असेच. तळ्याचा काठ, जंगल, समुद्र. आणि कानात सावकाश बोलणारा आवाज, 'श्वास घ्या, श्वास सोडा.' श्वास लांबवून सोडला की हृदयाची गती उतरते, अंग सैल पडते. हे आमच्या आजोबांना मुखवट्याविना ठाऊक होते. पण ज्याचे डोके दहा ठिकाणी धावते त्याला एका जागी बसवायला मुखवटा मदत करतो, हे मान्य केले पाहिजे.

दोषही सांगितले पाहिजेत. डोळे म्हणतात आपण चाललो आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो आपण बसलो आहोत. या भांडणात पोट ढवळते. कंबरदुखीच्या त्याच पारखीत पाचांपैकी एकाला मुखवटा अंगावर आला आणि दहांतल्या जवळपास एकाला मळमळले. शिवाय ज्याला खरोखर मनाचा आजार जडला आहे, ज्याची झोप उडाली आहे, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याला तळ्याचे चित्र दाखवून भागत नाही. त्याला माणूस पाहिजे, डॉक्टर पाहिजे. सरकारने २०२२ साली टेलि-मानस ही फोनसेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. हा आकडा आमच्या युनियनच्या फळ्यावर कायमचा लिहिलेला असतो. तुम्हीही घरी लिहून ठेवा.

आता आमच्या हकीकतीकडे येतो.

मोटारींच्या वायरिंगचे जुडगे जोडणारा एक कारखाना आहे. नाव सांगत नाही, कारण तसे कारखाने पुष्कळ आहेत. एका पाळीला ३२० कामगार, त्यात बहुतेक भगिनी. लाइन सरकत असते, समोरच्या फळीवर वायरी लावायच्या, कनेक्टर बसवायचे, आवाज 'टक्' झाला पाहिजे. आठ तास उभ्याने. जेवणाची अर्धा तास सुटी सोडली तर बसणे नाही. मानदुखी, झोप न लागणे, घरी गेल्यावर लेकरांवर विनाकारण ओरडणे, या तक्रारी आमच्याकडे नेहमी येत. आम्ही त्या व्यवस्थापनापुढे मांडल्या. तीन वर्षांपूर्वी उत्तर आले. विश्रांतीची जी खोली होती तिला रंग दिला, दारावर इंग्रजी पाटी लावली, मऊ खुर्च्या ठेवल्या आणि चार मुखवटे आणले. प्रत्येकीला चिठ्ठीप्रमाणे दहा मिनिटे.

कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव 'डबा' ठेवले. "आधी डबा खायला बसायचो, आता डबा घालून बसायचं." आम्ही या विनोदावर गेटसभेत खूप हशा मिळवला. सभा संपल्यावर लाइनवरची एक भगिनी जवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही बोललात ते झालं. पण तुम्ही एकदा लावून तर बघा."

दुसऱ्या दिवशी आम्ही लावून पाहिला. आमच्यासमोर तळे आले. पलीकडे देवदारांचे रान, पाण्यावर धुके, कुठेतरी पक्षी. आवाज इंग्रजीतून श्वासाचा हिशेब सांगत होता. आम्हाला वाटले होते हसू येईल. हसू आले नाही. चौथ्या-पाचव्या मिनिटाला खांदे खाली आले, आणि ते इतका वेळ वर ओढलेले होते हे तेव्हाच कळले. मुखवटा काढला तेव्हा खोलीच्या भिंती एकदम जवळ आल्यासारख्या वाटल्या. शेजारच्या खुर्चीवर तीच भगिनी बसली होती. तिने मुखवटा काढला, तर डोळे ओले. आम्ही विचारले, "ताई, काय झाले? तळे एवढे आवडले?" ती म्हणाली, "तळं कुठलं, भाऊ. मी डोळे मिटूनच बसले होते. दहा मिनिटं कुणी हाक मारली नाही."

बंधुभगिनींनो, आम्ही तीस वर्षे मागण्यांचे खलिते लिहीत आलो. पण इतकी नेमकी मागणी आम्हाला लिहिता आली नव्हती. घरी सासू हाक मारते, पोर हाक मारते; लाइनवर सुपरवायझर हाक मारतो. त्या बाईला तळे नको होते. तिला तिची स्वत:ची दहा मिनिटे हवी होती, आणि ती मिळण्यासाठी तोंडावर मुखवटा चढवावा लागत होता, कारण मुखवटा घातलेल्या माणसाला कुणी हाक मारीत नाही.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. का, ते आता सांगतो, आणि हे सांगणे सोपे नाही. त्या कारखान्यात पूर्वी दहा-दहा मिनिटांच्या दोन चहाच्या सुट्या होत्या. कॅन्टीनमध्ये बसून चहा प्यायचा, चार शब्द बोलायचे. २०११ च्या करारात त्या गेल्या. 'चहा लाइनवर येईल, उभ्याने घ्यावा. त्याबद्दल महिना दोनशे रुपये वाढ.' त्या कराराखाली पहिली सही आमची आहे. त्या दिवशी आम्हाला हार घातले गेले, गुलाल उधळला गेला. चहाच्या सुटीची सक्ती कायद्यात नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विसावा आणि मोठ्या कारखान्यांत विश्रांतीची खोली बांधून दिली होती, चहाचे वीस मिनिट त्यापलीकडचे. जे कायद्याने दिले नव्हते ते आमच्या आधीच्या पिढीने भांडून मिळवले होते, आणि आम्ही ते विकले.

हिशेब आम्ही त्या रात्री केला. करार करताना करावयास हवा होता. रोज वीस मिनिटे, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे पाचशे वीस मिनिटे. आठ तास चाळीस मिनिटे. महिन्याची एक सबंध पाळी आम्ही दोनशे रुपयांना दिली. आणि त्या जागी आता काय आले? चार मुखवटे. दहा मिनिटे पाहणे, दोन मिनिटे पुसणे. तासाला प्रत्येकी पाच पाळ्या. चारांच्या वीस. खोली आठही तास क्षणभर रिकामी न ठेवता चालवली तरी १६० जणींची वर्णी. कामगार ३२०. म्हणजे एकीच्या वाट्याला दोन दिवसांतून दहा मिनिटे, दिवसाला पाच. वीस मिनिटांच्या जागी पाच, आणि वर आभार मानायचे!

इथे आम्हाला एका थोर माणसाची आठवण झाली. नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे अनुयायी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? आठवड्यातून रविवारची सुटी आणि दुपारी अर्धा तास विसावा, या त्यांतल्या अगदी पुढच्या. १८९० च्या जूनमध्ये रविवार मिळाला. आज रविवारी आपण जी उशिरापर्यंत झोप काढतो, तीत त्या सह्यांचा आणि अंगठ्यांचा वाटा आहे. लोखंड्यांनी गिरणीत निसर्गचित्रे लावा असे म्हटले नाही. त्यांनी वेळ मागितला. वेळ मिळाला की त्याचे काय करायचे ते माणूस आपले आपण पाहतो. कोणी भजनाला जातो, कोणी तालमीत जातो, कोणी नुसताच पारावर बसतो.

तेलाच्या घाण्याचा बैल तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. त्याच्या डोळ्यांवर झापड बांधीत. त्यात तेल्याचा दुष्टपणा नसे. डोळे उघडे राहिले तर गोलगोल फिरून बैलाला भोवळ येते. झापडीने बैलाला खरोखर बरे वाटते. पण झापड बांधली म्हणून फेऱ्या कमी होत नाहीत. उलट, झापड असते म्हणूनच एवढ्या फेऱ्या होतात. मुखवट्याने बरे वाटते की नाही, हा प्रश्न नाहीच. बरे वाटते. प्रश्न असा, की बरे वाटण्याने फेऱ्या कमी होणार की वाढणार?

आणि हा आमच्याच गावचा प्रकार आहे असे समजू नका. २०२१ च्या मे महिन्यात अमेझॉन कंपनीने आपल्या अमेरिकेतल्या गोदामांसाठी टेलिफोनच्या खोक्याएवढी एक पेटी दाखवली. कामगाराने आत जाऊन बसायचे, पडद्यावर शांत श्वासाचे धडे पाहायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. जगभर तिची एवढी टवाळी झाली की कंपनीने ती चित्रफीत काढून घेतली. टवाळी का झाली? पेटी वाईट होती म्हणून नव्हे. ज्या कामगारांच्या कामाचा मिनिटामिनिटाला हिशेब होतो, त्यांना घाईचे औषध म्हणून पेटी दाखवली, म्हणून.

आता खोलीच्या खिडकीची गोष्ट. उन्हाचा झोत पडला तर मुखवट्याच्या भिंगातून आतला पडदा जळून खराब होतो. म्हणून त्या विश्रांतीच्या खोलीतली एकुलती एक खिडकी व्यवस्थापनाने काळ्या रंगाने रंगवली होती. खिडकीबाहेर काय होते? कुंपणालगतचे कडुनिंबाचे झाड. खरे झाड रंगाने झाकले आणि देवदाराचे चित्र विकत आणले! रॉजर उलरिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आमच्या वाचनात आला होता. पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. तेवीस जणांच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्या तेवीस जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामके कमी लागली. आम्ही तो कागद वाटाघाटीच्या टेबलावर ठेवला आणि म्हटले, साहेब, निदान खिडकी तरी खरवडा.

आणखी एक मुद्दा टेबलावर ठेवला. हा मुखवटा नुसता दाखवत नाही, पाहतोही. मान कशी वळते, हात कसा हलतो, काही जातींत तर नजर कुठे रेंगाळते, याची तो नोंद घेतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२० साली ५११ माणसांवर प्रयोग केला. पाच मिनिटांहून कमी वेळाच्या हालचालींवरून संगणकाने शंभरांतली पंचाण्णव माणसे नेमकी ओळखली. उद्या कोणती कामगार किती थकली, कोणाचे हात कापतात, याची यादी वरच्या टेबलावर गेली तर? ज्या खोलीत मन मोकळे करायचे तिथेच मनाची झडती!

पाच महिने बोलणी चालली. व्यवस्थापनही दुष्ट नव्हते. त्यांचे म्हणणे, लाइन थांबली तर माल थांबतो, माल थांबला तर गिऱ्हाईक जाते. शेवटी तोड निघाली ती अशी. एक चहाची सुटी परत, दहा मिनिटांची, बसून. मुखवटे राहतील, पण सुटीच्या जोडीला. ज्याला हवे त्याने घालावे, नाव नोंदवायचे नाही, नोंदी ठेवायच्या नाहीत. आवाज मराठीत. मुखवटे कपाटात राहतील आणि खिडकी उघडी. याच्या बदल्यात दोनशेपैकी शंभर रुपये आम्ही सोडावयाचे.

हे शंभर रुपये सोडणे सर्वसाधारण सभेत मांडले तेव्हा आम्हाला शिव्या बसल्या. एक तरुण उठून म्हणाला, "भाऊ, तुम्हाला झाड पाहिजे. मला शंभर रुपये पाहिजेत. माझा हप्ता आहे." त्याचे बोलणे खोटे नव्हते. ज्याच्या घरी हप्त्याची तारीख जवळ येते त्याच्या मनाला कुठल्या तळ्याने शांती येणार? त्याला आम्ही सभेत उत्तर देऊ शकलो नाही. आजही पुरते देता येत नाही. एवढेच सांगितले, की दोनशेला विकले ती चूक आमची, आणि तिची किंमत तुम्हाला पडते आहे, याबद्दल क्षमा असावी. ठराव थोड्या मतांनी पास झाला. उरलेल्या दहा मिनिटांचे भांडण अजून चालू आहे.

आज त्या खोलीत गेलात तर दोन मुखवटे चालू आहेत, दोन दुरुस्तीला गेले ते आले नाहीत. खिडकीपाशी मात्र बसायला जागा मिळत नाही. ती भगिनी कधी मुखवटा घालते, कधी नुसतीच बसते. पाठीच्या दुखण्याने बेजार असलेली दुसरी एक जण रोज मुखवटा घालते आणि तिला गुण आहे. तिच्या आड येण्याचा आम्हाला अधिकार नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, आमचे सांगणे मुखवटा मोडून टाका असे नाही. ज्या दु:खाचे कारण हटवता येत नाही, तिथे तो देणगी आहे. भाजलेल्या मुलाची मलमपट्टी टाळता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला पंढरीची वाट चालवत नाही. त्यांना बर्फ दाखवा, चंद्रभागा दाखवा, खुशाल दाखवा, आणि जमले तर शेजारी बसून दाखवा. पण ज्या दु:खाचे कारण माणसाने केलेले आहे, घड्याळात आणि करारात लिहिलेले आहे, तिथे मुखवटा हाती आला की एक प्रश्न अवश्य विचारा. हा जोडीला आला आहे की जागी? सुटीच्या जोडीला आला तर घ्या. सुटीच्या जागी आला तर आधी सुटी मागा. आणि हा प्रश्न कारखान्यापुरता नाही. घरात मुलाच्या हाती पडदा देताना, आईवडिलांना टीव्ही घेऊन देताना, आपण तो आपल्या सोबतीच्या जोडीला देतो की सोबतीच्या जागी, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

आज तासभर तुम्ही या मांडवात बसलात. वारा सुटला आहे, मोगऱ्याचा वास येतो आहे, आणि आमच्या या रुक्ष भाषणात निदान एवढे तरी झाले असेल की तेवढा वेळ तुम्हाला कुणी हाक मारली नाही. तो तास तुमचा होता. तो कुणी विकत मागितला तर हिशेब करून मगच बोला; आमच्यासारखी घाई करू नका.